‘मम’ म्हणून सही करणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कोणा एका साहेबाला, खात्याला किंवा मंडळाला नाही. ‘तपासले’, ‘वाचले व मान्य’, ‘माझ्या समक्ष’ अशा छापील शब्दांखाली जी रिकामी रेघ असते, तिच्यावर ज्यांना ज्यांना सही करावी लागते त्या सगळ्यांना आहे. तपासनीस, अभियंते, डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस, शिक्षक हे तर आलेच. पण मित्राला जामीन राहणारे, शेजाऱ्याच्या कागदावर साक्षीदार होणारे, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर चपला घालता घालता सही करणारे आईवडीलही आले. फोनवर ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनात खूण करून पुढे सटकणारेही आले. म्हणजे सुटत कोणीच नाही, मी तर नाहीच.

म्हणून आधी माझंच सांगतो.

पूर्वी मी जिथे काम करत होतो, तिथे आग विझवायचे लाल सिलिंडर भिंतीवर टांगलेले असायचे. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं एक कार्ड. त्यावर महिना, तारीख, ‘तपासले’ आणि सही. आमच्या मजल्यावरचे चार सिलिंडर माझ्याकडे होते. काम एकेका मिनिटाचं. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहेत का, नळी चिरलेली नाही ना, एवढंच बघायचं. पहिले काही महिने मी ते बघितलं. काटा दर वेळी हिरव्यातच असायचा. मग मी लांबूनच बघायला लागलो. मग चारही कार्डं काढून टेबलावर आणून सह्या करायला लागलो, कारण उभ्याने सही नीट येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. शेवटी एकदा सुट्टीवर जायचं होतं तेव्हा पुढच्या दोन महिन्यांच्या सह्याही आधीच ठोकून मोकळा झालो.

एका दुपारी वायरींच्या खोक्यातून धूर आला. एक तरुण सहकारी धावत गेला, सिलिंडर उतरवला, पिन ओढली, दांडी दाबली. आतून कोणी उसासा टाकावा तसा आवाज आला आणि संपलं. तेवढ्यात कोणीतरी मेन स्विच पाडला, आणखी कोणीतरी खालच्या मजल्यावरचा सिलिंडर आणला आणि आग तिथेच विझली. टेबलाचा एक कोपरा जळाला, बाकी काही नाही. आमच्या सिलिंडरचा काटा शून्याला टेकलेला होता. किती दिवसांपासून, ते सांगणं ज्याचं काम होतं तो मी. कार्डावर माझ्या सह्या होत्या, ओळीने, सगळ्या सुरेख.

मला कोणी काही विचारलं नाही. चौकशी झाली ती वायरिंगची. सिलिंडर भरून आला, गळ्यात नवं कार्ड अडकलं आणि त्यावरची पहिली सही करायला ते माझ्याकडेच दिलं गेलं. कोणी ओरडलं असतं तर कदाचित विसरूनही गेलो असतो.

त्या रात्री मी स्वतःशी वकिली करून पाहिली. काटा हिरव्यात आहे असं मी कुठे लिहिलं होतं? सिलिंडर चांगला आहे असंही नाही. गॅस गळतो त्याला मी काय करणार? सगळं खरं. पण मी जे लिहिलं होतं ते ‘तपासले’. म्हणजे ती सही सिलिंडरबद्दल नव्हतीच, माझ्याबद्दल होती. वस्तूबद्दल सांगताना माणूस चुकू शकतो. पूल पडणार नाही असं वाटतं आणि पडतो, औषध लागू पडेल असं वाटतं आणि पडत नाही. ती चूक झाली, आणि चुकीला क्षमा आहे. पण ‘मी पाहिलं’ या वाक्यात चुकायला जागाच नाही. ते खरं असतं, नाहीतर थाप असते.

मराठीत अशा सहीला नेमका शब्द आहे: मम म्हणणं. पुढचा काय बोलतोय ते कळो न कळो, त्याने खूण केली की आपण ‘मम’ म्हणायचं. गंमत अशी की ‘मम’चा अर्थ ‘माझं’. अंग काढून घ्यायला आपण जो शब्द शोधला, त्याचा अर्थच ‘हे माझ्यावर’ असा आहे.

माणूस मम म्हणायला का लागतो, याचं एक कारण माझ्या गोष्टीतच आहे. न पाहता केलेली सही बहुतेक वेळा खरीच ठरते. काटा शंभरातून नव्व्याण्णव वेळा हिरव्यातच असतो. नुकसान न होण्याला आपण आपल्या सहीचं यश समजतो. पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं कारण. सही क्वचितच एकटी असते. तिच्या आधी एक असते, नंतर एक असते. आधीच्याला वाटतं पुढचा बघेल, पुढच्याला वाटतं मागच्याने बघितलं असेल. चार सह्यांचा कागद चौपट तपासलेला असावा, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो एकदाही तपासलेला नसतो.

17 जुलै 1981 ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हयात रीजन्सी हॉटेलात हेच झालं. त्या उंच दालनात छतापासून लोखंडी सळ्यांनी टांगलेले पादचारी पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली. संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले. 114 माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली.

मूळ आराखड्यात एकच लांब सळई छतापासून निघून दोन्ही पुलांमधून जात होती. तेवढ्या लांबीवर आटे पाडणं आणि नट वर चढवत नेणं कटकटीचं, म्हणून पूल बनवणाऱ्यांनी तिच्या दोन सळ्या केल्या. छतापासून वरच्या पुलापर्यंत एक आणि वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरी. कागदावर बदल क्षुल्लक दिसतो. एका दोराला वर एक आणि खाली एक अशी दोन माणसं लोंबकळली आहेत असं समजा. प्रत्येकाचे हात फक्त स्वतःचं वजन पेलतात. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले. दोर तेवढाच ताणलेला, पण वरच्याच्या मुठीवर वजन दुप्पट. वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटांची तीच गत झाली. शिवाय मूळ आराखडासुद्धा त्या शहराच्या नियमांना हवी होती तेवढी ताकद देत नव्हता, हे नंतर निघालं.

आणि बदललेल्या आराखड्यावर अभियंत्याचा शिक्का होता. बनवणाऱ्यांना वाटलं की शिक्का आहे म्हणजे जोड मोजून पाहिलेला आहे. अभियंत्यांच्या बाजूला वाटलं की जोडांचा तपशील बनवणारेच बघतात. दोन्हीकडे शहाणी, अनुभवी माणसं होती. तो एक जोड कोणीही कागदावर मांडला असता तर अर्ध्या तासाचं गणित होतं. पुढे दोन अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. त्यांच्यातला मुख्य अभियंता नंतर अनेक वर्षं इतर अभियंत्यांपुढे उभा राहून या चुकीबद्दल बोलत राहिला, शिक्का आपला होता हे मान्य करत राहिला. मला त्या माणसाबद्दल राग येत नाही. पण ‘आपली ती पद्धतच आहे’ हे वाक्य त्यानंतर कुठे ऐकलं की मी मुकाट्याने सळ्या मोजायला लागतो.

घाऊक सह्यांचा बाजारही मांडता येतो. 2010 च्या सुमारास अमेरिकेत कर्ज थकल्याबद्दल लोकांची घरं जप्त होत होती. त्यासाठी न्यायालयात प्रतिज्ञापत्रं जात, ‘या प्रकरणाची मला व्यक्तिशः माहिती आहे’ अशा मजकुराची. एका कर्मचाऱ्याने शपथेवर सांगितलं की आपण महिन्याला सुमारे 10,000 कागदांवर सह्या करतो. महिन्याचे 22 दिवस, दिवसाचे 8 तास, पाणी प्यायलाही न उठता धरले तर एका कुटुंबाच्या घराला एक मिनिट मिळतं. यंत्रमानवी सह्या असं त्या प्रकाराला नावच पडलं. फेब्रुवारी 2012 मध्ये पाच मोठ्या बँकांना 49 राज्यांबरोबर 25 अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ज्यांची घरं चुकीच्या कागदावर गेली त्यांना त्यातून किती मिळालं, हा वेगळाच विषय आहे आणि त्यात मी शिरत नाही.

इथे तुमच्यातला कोणी म्हणेल, ‘आणि मोबाइलवरच्या अटी? त्या तू वाचतोस का?’ नाही वाचत. 2016 मध्ये दोन संशोधकांनी 543 विद्यार्थ्यांपुढे एक बनावट सोशल मीडिया ठेवला. सेवेची किंमत म्हणून आपलं पहिलं अपत्य द्यावं लागेल, असं त्याच्या अटींमध्ये लिहिलेलं होतं. 98 टक्के मुलांच्या ते लक्षातच आलं नाही. मी तिथे असतो तर माझीही लेक गेलीच असती. पण या दोन सह्या मी एका तागडीत घालत नाही. ज्या सहीचं बिल मलाच येणार आहे ती डोळे झाकून केली तर तो माझा मूर्खपणा, आणि वाचताच येणार नाही असा कागद बनवणाऱ्याचा लबाडपणा. ज्या सहीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटणार आहे तिथे मामला बदलतो. सिलिंडरची दांडी मी दाबली नव्हती, त्या पोराने दाबली होती.

हे वजन विसरायला होतं, हे माहीत असलेल्या लोकांनी एक युक्ती केली आहे. 1907 मध्ये कॅनडात क्युबेक पूल बांधत असतानाच कोसळला आणि 75 कामगार मेले. पुलाचा पल्ला वाढवला होता, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर पुन्हा मांडला गेला नव्हता. 1925 पासून तिथले अभियंते शिक्षण संपताना एक साधी अंगठी घालतात. ज्या हाताने लिहायचं त्याच हाताच्या करंगळीत. ती त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते अशी कथा सांगतात; ती खरी नाही, आणि खरी असायची गरजही नाही. महत्त्वाची आहे ती जागा. सही करायला हात कागदावर टेकला की अंगठी कागदावर घासते. मला ती कल्पना फार आवडते, कारण ती उपदेश करत नाही, फक्त टोचते.

उलट, प्रामाणिकपणा फॉर्मच्या रचनेतून आपोआप उगवेल असं मानणारेही आहेत. 2012 मध्ये एका नामांकित विज्ञानपत्रिकेत निबंध आला की सही फॉर्मच्या तळाशी घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक खरं लिहितात. फार गाजला तो. 2020 मध्ये त्याच लेखकांनी प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केले, तेव्हा तो परिणाम दिसलाच नाही. 2021 मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी जुने आकडे तपासले, तर त्यातल्या एका प्रयोगातले, मोटारी किती अंतर चालल्या त्याचे, आकडे बनावट निघाले आणि निबंध मागे घेतला गेला. सहीने माणूस खरं बोलतो, हे सांगणाऱ्या कागदाखाली पाच नावं होती! हसू येतं, पण पोटात कुठेतरी कालवतंही. ती आकड्यांची फाइल वेळेवर कोणी नीट उघडून पाहिली असती, तर हा परिच्छेद मला लिहावा लागला नसता.

आता तुमच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात खऱ्या वाक्याकडे येतो. ‘मी नाही केली तर दुसरा कोणी करेल.’

हो, करेल. 27 जानेवारी 1986 च्या रात्री तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर अवकाशयान उडायचं होतं आणि फ्लोरिडात पारा गोठणबिंदूखाली चालला होता. यानाच्या दोन्ही बाजूंचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते म्हणत होते की थंडीत सांध्यांमधल्या रबराच्या कड्या कडक होतात, सांधे वेळेवर बंद होत नाहीत, 53 अंश फॅरनहाइटच्या खाली उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. कंपनीने थोडा वेळ मागून आपसात चर्चा केली. त्या चर्चेत अभियांत्रिकीच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने घातली. कंपनीचा निर्णय फिरला. मग नासाने तो लेखी मागितला, सहीनिशी.

उड्डाणतळावर कंपनीचा वरिष्ठ प्रतिनिधी होता ॲलन मॅकडोनाल्ड. सही त्याने करायची होती. त्याने नकार दिला. मग सही यूटामधून त्याच्या साहेबाने केली आणि कागद फॅक्सने आला. सकाळी यान उडालं आणि 73 सेकंदांनी फुटलं. सात जण गेले.

म्हणजे त्याच्या नकाराने काहीच थांबलं नाही. हा भाग मला टाळता आला असता, पण तो टाळून तुम्हाला धीर देणं म्हणजे पुन्हा न पाहता केलेली सही. मग त्या नकाराची किंमत काय? मला दिसते ती एवढी: पुढे चौकशी आयोग बसला तेव्हा त्या रात्री काय झालं ते सांगायला एक माणूस असा होता, ज्याला स्वतःचा कागद झाकायचा नव्हता. सही केली असती तर तोही इतरांसारखा शब्द चाचपत बसला असता. बोलल्याबद्दल कंपनीने त्याला बाजूला सारलं. अमेरिकी संसदेतून आवाज उठला तेव्हा परत घेतलं, आणि त्या सांध्यांची नवी रचना करण्याचं काम त्याच्याच हाती आलं. 1988 मध्ये यानं पुन्हा उडायला लागली ती त्या नव्या सांध्यांवर. सात जणांना त्याचा उपयोग नव्हता. नंतरच्यांना झाला.

कधी कधी मात्र एक नकार पुरतोही. सप्टेंबर 1960 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. त्यांना रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. औषध युरोपात आधीच धडाक्यात विकलं जात होतं, आणि नव्या माणसाला सोपं प्रकरण द्यावं म्हणून ते दिलेलं होतं म्हणतात. त्या काळचा कायदा असा होता की 60 दिवसांत हरकत घेतली नाही तर परवानगी आपोआप मिळे. म्हणजे गप्प बसणं हीसुद्धा सहीच. केल्सींना कागदपत्रं अपुरी वाटली. त्यांनी आणखी माहिती मागितली आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. माहिती आली, ती पुरेशी नव्हती, पुन्हा मागितली. कंपनीचे लोक फेऱ्या मारत होते, वरिष्ठांकडे तक्रारी करत होते. या बाई उगाच कागद अडवून बसल्या आहेत असं म्हणणारे असणारच.

नोव्हेंबर 1961 मध्ये जर्मनीत ते औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. ज्या गरोदर बायकांनी ते घेतलं होतं त्यांची मुलं आखूड हातापायांची जन्मत होती, काही हातापायांविना. जगभरात अशी 10,000 हून जास्त मुलं जन्मली. अमेरिकेतही डॉक्टरांना चाचणीच्या नावाखाली गोळ्या वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिथेही काही मुलं जन्मली, पण ती संख्या विशीच्या आत राहिली.

केल्सींना हे सगळं आधी दिसलं होतं असं सांगितलं की गोष्ट छान होते, पण ते तितकंसं खरं नाही. त्यांना दिव्यदृष्टी नव्हती. ‘मला जेवढं दाखवलंत तेवढ्यावर मी पाहिलं असं म्हणू शकत नाही,’ यापलीकडे त्यांची भूमिका नव्हती. माझ्या दृष्टीने त्यांचं मोठेपण तिथेच आहे, कारण दिव्यदृष्टी मला आणता येणार नाही, पण हे वाक्य मला म्हणता येईल.

सही घेणाऱ्यांशीही दोन शब्द. तुम्ही चाळीस पानांचा गठ्ठा पुढे करता, रांग मागे उभी असते आणि तुमचं बोट फिरतं: ‘इथे, इथे आणि इथे.’ ‘वाचून करू का?’ म्हटलं की चेहरा असा होतो, जणू कोणी तुमच्या इमानावर शंका घेतली. दिवसाला तीनशे कागद ज्याच्या टेबलावर टाकता, त्याच्याकडून तुम्हाला तपासणी नको असते, उद्या काही झालं तर बोट दाखवायला एक नाव हवं असतं. जबाबदारी देणं निराळं आणि उतरवणं निराळं. अशा माणसाचा दोष मी कमी धरतो. शून्य मात्र धरत नाही, कारण मीही चार मिनिटांचं काम असताना केलं नव्हतंच.

नुसते रकाने वाढवूनही भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी म्हणायची 19 कलमांची यादी आणली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, स्पंज मोजले का, अशी साधी कलमं. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती सगळीकडे लागू केली. 2014 मध्ये तिथल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास आला: 0.71 वरून 0.65, म्हणजे योगायोग म्हणून सोडून द्यावा एवढाच फरक. रुग्णालयं तर कळवत होती की यादी जवळजवळ प्रत्येक वेळी भरली जाते. कारणांवर डॉक्टरांमध्ये पुष्कळ वाद झाला आणि त्यात पडण्याइतकं माझं ज्ञान नाही. पण ‘भरली जाते’ हे क्रियापद माझ्या ओळखीचं आहे. माझी चार कार्डंसुद्धा दर महिन्याला भरली जात होती.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. मी काय करतो तेवढं सांगतो. सहीच्या वर शेरा लिहितो. ‘पान 1 ते 6 वाचली.’ ‘बाहेरून पाहिले, उघडून नाही.’ ‘आकडे दिलेल्या यादीशी ताडले, यादी तपासलेली नाही.’ पहिल्यांदा लिहिलं तेव्हा साहेबांनी कागद परत पाठवला, असं लिहायची पद्धत नाही म्हणून. मी म्हटलं, मग उघडून बघायला एक दिवस द्या. दिवस मिळाला नाही. कागद शेऱ्यासकट पुढे गेला. कचेरीत माझं नाव शंकासुर पडलं आणि पदोन्नतीच्या वेळी ते कोणाच्या तरी लक्षात होतं असं मला वाटतं, पण सिद्ध करता येणार नाही, तेव्हा तेही सोडतो.

घरगुती कागदांवर हे जास्त जड जातं. एका परिचिताला शिफारसपत्र हवं होतं. मजकूर तयारच होता: ‘मी यांना पाच वर्षांपासून चांगला ओळखतो.’ आमची ओळख आठ महिन्यांची. मी पाच खोडून आठ महिने लिहिलं, बाकीचं सगळं, त्याच्या कष्टाळूपणाबद्दलचंसुद्धा, तसंच ठेवलं कारण ते खरं होतं. त्याने कागद घेतला, आभार मानले आणि नंतर दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली. आता भेटला तर हसतो, थांबत नाही. अनोळखी बँकेला किंवा खात्याला नाही म्हणणं सोपं आहे. ज्याच्या घरी आपण जेवलो आहोत त्याच्या कागदावर थांबणं अवघड. तिथे मी दर वेळी थांबतो असं म्हणालो तर ती थाप होईल.

आणि हो, ‘आलं तसं पाठवलं’ असं वर लिहून जो मजकूर आपण पन्नास जणांना ढकलतो, तीही सहीच आहे. खाली नाव आपलंच दिसतं आणि घेणारा आपल्याकडे बघूनच विश्वास ठेवतो. यावर लिहायला बसलो तर वेगळं पत्र होईल.

परवा एका इमारतीत काम होतं. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने चढत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लाल सिलिंडर दिसला आणि गळ्यात कार्ड. बारा महिन्यांच्या बारा सह्या, सगळ्या एकाच शाईच्या, एकाच उतरत्या वळणाच्या, एकही तारीख खाडाखोड झालेली नाही. बघताक्षणी ओळखलं, हा आपल्याच जातकुळीतला. टेबलावर बसून केलेल्या सह्या आहेत या. मी वाकून काटा पाहिला. हिरव्यात होता. पिन जागेवर, सील शाबूत, नळी नवी. तिसऱ्या मजल्यावरचाही पाहिला, चौथ्यावरचाही. सगळे हिरव्यात.

मी त्या अनोळखी माणसाची मनातल्या मनात माफी मागितली आणि वर चढायला लागलो.

आपला,
एक सही करणारा